आईची बॅच कुठे गेली? सोलापूरच्या गेट-टुगेदरांचा इतिहास

(नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. ऐकायचं असेल तर वर प्लेचं बटण आहे. बोलताना मी जिथे अडखळले ते 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय तुमच्या आईवडिलांच्या फोनमध्ये आहे. व्हॉट्सअॅप उघडा, म्हणजे त्यांच्या परवानगीने उघडा, आणि 'बॅच' हा शब्द शोधा. एक तरी ग्रुप सापडेल. सकाळी सहाला गुलाबाचं फूल, सातला रक्तदाबावर लसणाचा उपाय, आठला कुणाच्या तरी नातवाचं बारसं, आणि मध्येच एक ओळ, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की'.

माझ्या पप्पांचा असाच ग्रुप आहे. सोलापूर, बी.कॉम., १९८४. गेल्या जानेवारीत त्यांचं गेट-टुगेदर होतं. मी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याहून घरी आले होते, गड्ड्याची यात्रा चालू होती, आणि पप्पांनी ड्रायव्हर म्हणून मला धरलं. तिथे जे बघितलं त्यामुळे हा भाग झाला. ते सांगतेच, पण आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय माझ्या आईचं काय झालं ते कळणार नाही.

सुरुवात १९४० पासून करू. त्या वर्षी सोलापुरात दयानंद कॉलेज सुरू झालं. डीएव्हीची चळवळ मूळची लाहोरची, तिथली पहिली शाळा १८८६ ची. लाहोरहून सोलापूर म्हणजे फार लांबची उडी वाटते, पण डिसेंबर १९३८ मध्ये निजामाविरुद्धच्या आर्य समाजाच्या सत्याग्रहाची मोठी परिषद सोलापुरातच भरली होती, बापूजी अणे अध्यक्ष होते. निजामाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे गाव या मंडळींच्या ओळखीचं होतं. त्याआधी सोलापूरच्या पोराला कॉलेज करायचं तर ट्रेन पकडून पुणे, नाहीतर मुंबई. ज्यांच्या घरी पैसे होते ते गेले. १८७७ च्या जुन्या मिलमध्ये ज्यांचे बाप-आजोबा राबत होते, ती मुलं मॅट्रिकनंतर थेट भोंग्याच्या वेळेला गेटवर.

आता एक गंमत. दयानंदच्या वेगवेगळ्या बॅचची चार डिग्री सर्टिफिकेटं शेजारी शेजारी ठेवली तर चार वेगळी विद्यापीठं दिसतील. कॉलेज सुरू झालं तेव्हा मुंबई विद्यापीठ. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आलं. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं, राष्ट्रपती राधाकृष्णन आले होते, आणि सोलापूर जिल्हा तिकडे गेला. मग १ ऑगस्ट २००४ ला सोलापूरचं स्वतःचं विद्यापीठ झालं, फक्त एका जिल्ह्यासाठी, आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. इमारत तीच, आणि आजोबा, बाप आणि नात तिघांचे शिक्के वेगळे.

हे सांगायचं कारण असं की आम्ही इंजिनियर लोक ज्याला डेटा मायग्रेशन म्हणतो ते इथे कागदावर तीनदा झालंय. प्रत्येक वेळी रेकॉर्ड कुठल्या तरी दुसऱ्या गावाच्या कपाटात राहिलं. 'आमच्या वर्गात कोण कोण होतं?' या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला एक जागा उरली नाही. परीक्षेचं रेकॉर्ड कोल्हापूरला, कॉलेजचं जनरल रजिस्टर स्टोअर रूममध्ये, आणि माणसं पुण्यात. सोलापूरकराला हे सांगायला नको. लक्ष्मी-विष्णूसारखी मोठी गिरणी १९९० च्या दशकात बंद पडली तेव्हा ज्याला जमलं तो पुण्याला आला. आजही रविवारी संध्याकाळी सोलापूर स्टेशनवर पिशवीत शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेतलेली जी गर्दी दिसते, ती त्याच रांगेतली पुढची पिढी. त्यात मीही आहे.

बरं, मग हे लोक एकमेकांना सापडत कसे होते? बहुतेक सापडतच नव्हते. पोस्टकार्ड होतं, भारतात १८७९ पासून. पण पोस्टकार्डाला पत्ता लागतो, आणि बदलीच्या नोकरीत पत्ता दर तीन वर्षांनी बदलतो. पप्पा सांगतात, कॉलेज संपल्यावर दोन वर्षं दिवाळीला चौघांना कार्ड टाकलं. तिसऱ्या वर्षी दोन परत आली. चौथ्या वर्षी त्यांनी टाकली नाहीत. झालं, मैत्री संपली. भांडण नाही, काही नाही.

ज्यांच्या बॅच टिकल्या त्यात डॉक्टर पुढे. सोलापूरचं वैशंपायन मेडिकल कॉलेज १९६३ चं, आणि गावातल्या कुठल्याही जुन्या डॉक्टरला विचारा, त्याला आपल्या बॅचचे लोक कुठे आहेत ते माहीत असतं. कारणं साधी आहेत. साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिप एकाच छताखाली, एकच होस्टेल, पुढे प्रॅक्टिसमध्ये एकमेकांकडे पेशंट पाठवणं, दवाखान्याची पाटी कायम एका जागी. आणि बरेचदा नवरा-बायको एकाच कॉलेजचे, म्हणजे गेट-टुगेदरला कुणीच 'पाहुणा' नसतो.

याचं सगळ्यात प्रसिद्ध मराठी उदाहरण पुण्याच्या बी.जे. मेडिकलचं. जब्बार पटेल मूळ पंढरपूरचे, शाळा सोलापूरची, मग बी.जे. तिथेच मोहन आगाशे, तिथेच सतीश आळेकर, तिथेच कुमार सप्तर्षी, तिथेच अनिल अवचट. 'घाशीराम कोतवाल' डिसेंबर १९७२ मध्ये रंगमंचावर आलं, वाद झाला, आणि १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. कॉलेजच्या नाटकवाल्या पोरांचं टोळकं पुढे कितीतरी वर्षं टोळकंच राहिलं. आणि जोड्या बघा. अनिल आणि सुनंदा अवचट दोघंही बी.जे.चे. १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू झालं ते दोघांचं काम, आणि सुनंदाताई मानसोपचारतज्ज्ञ असल्यामुळे दवाखान्याचा कणा त्याच होत्या. त्या १९९७ मध्ये गेल्या, अवचट जानेवारी २०२२ मध्ये. जब्बार पटेलांच्या पत्नीही डॉक्टर, दौंडला दोघांनी प्रॅक्टिस केली. सिनेमाचा दिग्दर्शक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण दौंडच्या एखाद्या आजीला ते लहान मुलांचे डॉक्टर म्हणूनच आठवत असतील.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांचं असं नसतं. पाटी नाही, होस्टेल नाही. एखादा वर्गमित्र फार मोठा झाला तर सगळ्यांना कळतं, बास. सुशीलकुमार शिंदे दयानंदचे. सोलापूरच्या कोर्टात साध्या नोकरीपासून सुरुवात, २००३ मध्ये मुख्यमंत्री, २०१२ मध्ये केंद्रीय गृहमंत्री. त्यांच्या वर्गात शेजारी बसलेल्या माणसाला टीव्हीवरून बातमी मिळते, पण वर्गातल्या उरलेल्यांची कोण देणार?

परदेशात हे काम फार आधी संस्थांनी अंगावर घेतलं. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजात १८२१ मध्येच माजी विद्यार्थ्यांची संघटना झाली. हार्वर्डने १९३८ मध्ये आपल्याच काही विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा अभ्यास सुरू केला, तो अजून चालू आहे. त्यातला एक निष्कर्ष तुम्ही रीलवर ऐकला असेल, की पन्नाशीत ज्यांची नाती चांगली होती ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले. रीलमध्ये एक गोष्ट सांगत नाहीत. सुरुवातीला तो अभ्यास फक्त पुरुषांचा होता. बायकांना 'तुम्हीही सामील व्हाल का' असं विचारायला त्यांना साठेक वर्षं लागली. ही गोष्ट डोक्यात ठेवा.

आपल्याकडे कॉलेजांना माजी विद्यार्थी आठवले ते, जरा खवचटपणे सांगते, नॅकमुळे. नॅक १९९४ मध्ये स्थापन झाली, कॉलेजांना ग्रेड द्यायला, आणि तिच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा एक मुद्दा आहे. समिती यायची असली की स्टेजवर बॅनर लागतं, 'माजी विद्यार्थी मेळावा', फोटो निघतात, फाइल तयार. मी टिंगल करतेय, पण खरं सांगू? कितीतरी लोक चाळीस वर्षांनी पहिल्यांदा त्या फाइलमुळे भेटलेत.

मग आलं आमचं क्षेत्र. ऑर्कुट २००४ चं, पण आईवडिलांची पिढी त्यावर नव्हतीच. त्यांचं खरं वर्ष २०१६. त्या फेब्रुवारीत व्हॉट्सअॅपने ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ केली, आणि सप्टेंबरमध्ये जिओ आलं. पूर्ण बी.कॉम.ची बॅच पहिल्यांदाच एका ग्रुपमध्ये मावली आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. आता मर्यादा १०२४ आहे, पण एवढी माणसं कुणाच्याच बॅचमध्ये उरलेली नाहीत. पप्पांना २०१७ मध्ये कुणीतरी अॅड केलं. पहिला मेसेज, 'काय करालालास बे?' तेहतीस वर्षांनी. पप्पा त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागे होते. आईने मला फोन करून तक्रार केली होती.

ग्रुपचं दुसरं रूप करोनात दिसलं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये गुलाबाची फुलं बंद झाली. कुणाला बेड, कुणाला ऑक्सिजन, कुणाला रेमडेसिविर. मेडिकल दुकान असलेला एक वर्गमित्र, ज्याला कॉलेजात सगळे ढ म्हणायचे, तो पंधरा दिवस झोपला नसेल. त्या ग्रुपमधले चौघं गेले.

आणि इथे एक तांत्रिक गोष्ट सांगते. व्हॉट्सअॅपचं अकाउंट साधारण १२० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते काढून टाकते. म्हणजे माणूस मे महिन्यात जातो, श्रद्धांजलीचे शंभर मेसेज येतात, हळूहळू परत गुलाब सुरू होतात, आणि सप्टेंबरात एका दुपारी ग्रुपमध्ये करड्या अक्षरात ओळ येते, की हे ग्रुप सोडून गेले. पप्पांनी मला फोन करून विचारलं होतं, 'याला हे कुणी काढलं? कुणी काढलं?' मी १२० दिवसांचा नियम समजावला. ते म्हणाले, 'बरं.' मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

चौघांपैकी एकाचा नंबर मात्र गेला नाही. त्यांच्या पत्नी रिचार्ज करतात. कधी लिहीत नाहीत, पण वाचतात, निळ्या खुणा दिसतात. ग्रुपवर यावरून वाद झाला, आपण काहीही लिहितो, जोक टाकतो, वहिनी वाचतात, बरं दिसतं का? ठरलं ते एवढंच, की वहिनी राहणार, जोक कमी करायचे. जोक कमी झालेले नाहीत.

तर आता जानेवारी. हॉल, बाहेर पॅटिस आणि चहा, आत 'पुनश्च १९८४' असा बॅनर. परिचयाचा कार्यक्रम कसा असतो माहितेय? प्रत्येक जण माईकवर येतो, नाव, खातं, निवृत्तीचं वर्ष, मुलगा कुठे, मुलगी कुठे, मुलाचं पॅकेज सांगायचं नसतं पण सांगतातच. आणि मग, 'या आमच्या सौ.' सौ. उभ्या राहतात, नमस्कार करतात, बसतात. बायकांची रांग डावीकडे. वर्गातल्या खऱ्या मुली किती होत्या त्या दिवशी? तीन. साठ-सत्तरच्या वर्गात बावीस मुली होत्या, पप्पांनीच सांगितलं. मी विचारलं, 'बाकीच्या?' 'अगं, त्या सापडतच नाहीत.'

का सापडत नाहीत, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. आपल्या नावाची रचना बघा. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव नवऱ्याचं, आणि त्या पिढीत पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने पहिलं नावही नवीन लिहायचे. म्हणजे तिन्ही रकाने बदलले. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी कीच उरत नाही. कॉलेजच्या रजिस्टरवरची मुलगी आणि आज गॅस एजन्सीच्या कार्डावर असलेली बाई, यांना जोडणारी एकच नोंद असते, राजपत्रातली, तीही केली असेल तर. फेसबुकवर कितीही शोधा. पुरुष मात्र चाळीस वर्षांनीही त्याच नावाने सापडतो, फक्त टक्कल पडलेलं असतं.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचं नाव बंधनकारक केलंय, वडिलांच्या नावाच्या आधी. चांगलंय. पण आई कुठल्या नावाने लिहायची, सासरच्या की माहेरच्या, तो घोळ तिथेही आहेच.

त्या डाव्या रांगेत माझी आई बसली होती. आई बी.ए., १९८७, गावातल्याच दुसऱ्या एका कॉलेजची. तिच्या बॅचचा ग्रुप आहे की नाही हे मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. पप्पांच्या ग्रुपबद्दल मला इतकं माहिती, आणि तिच्याबद्दल शून्य. लाज वाटायला हवी, वाटली.

तर आईच्या शेजारच्या मावशी मराठी बोलता बोलता कुणालातरी फोनवर तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. पूर्व भागातल्या, विणकरांच्या घरातल्या. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'तुमचं माहेर कुठलं हो?' मावशींनी पेठ सांगितली. आई म्हणाली, 'तुम्ही कॉलेजला सायकलवर यायचात का? लाल?' मावशी दोन सेकंद गप्प. आणि मग त्यांनी आईला तिच्या जुन्या नावाने हाक मारली, ज्या नावाने मी तिला कधी कुणी हाक मारलेली ऐकली नव्हती, आजोळीसुद्धा नाही, कारण तिथे तिला ताई म्हणतात. दोघी एका वर्गातल्या. तीन वर्षं एका बाकावर. गेली चार वर्षं दोघी याच गेट-टुगेदरला 'आमच्या सौ.' म्हणून येत होत्या, दोनदा तर एकाच टेबलावर जेवल्या होत्या. साहजिक आहे, परिचयात त्यांचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतरचं जेवण मी बघितलं नाही, त्या दोघींना बघत होते. शेंगापोळी तशीच राहिली ताटात.

मग शोध सुरू झाला. मला वाटलं मी लॅपटॉप काढीन, लिंक्डइन, फेसबुक, काहीतरी स्क्रिप्ट. आईने माझं काही ऐकलं नाही. तिची पद्धत वेगळी. माहेर शोधायचं. मुलगी नाव बदलते, पण भाऊ बदलत नाही. 'तिच्या भावाचं नवी पेठेत कापडाचं दुकान होतं.' गेल्या दोघी. दुकान आता मोबाइल कव्हरचं आहे, पण गल्ल्यावर भाचा बसलेला. आत्याचा नंबर मिळाला. 'तिचे वडील रेल्वेत होते, त्यांच्या शेजारचे अजून सात रस्त्याजवळ राहतात.' मिळाला. एकीचा पत्ता देवळातल्या पुजाऱ्याने दिला. वर्गातल्या एकोणीस मुलींपैकी तीन महिन्यांत अकरा. एकीला फोन केला तर नवऱ्याने उचलला आणि 'काय काम आहे' असं तीनदा विचारून मग दिला. एक हुबळीत, एक न्यू जर्सीत नातवंडं सांभाळायला. एक चक्क आमच्या मागच्या गल्लीत, अठरा वर्षांपासून.

बाराव्या नंबरवर मुलगी बोलली. आई २०२१ च्या मे महिन्यात गेली म्हणाली. माझ्या आईला काय बोलावं सुचेना, ती फोन ठेवायला लागली, तर ती मुलगीच म्हणाली, 'थांबा मावशी. तुम्ही आत्ता जे नाव घेतलंत ना, ते आईचं आहे हे मला तिच्या डिग्रीवरून कळलं होतं. ते नाव घेणारं कुणी मला भेटलं नव्हतं.' दुसऱ्या दिवशी तिने सर्टिफिकेटचा फोटो पाठवला. शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर, द्वितीय श्रेणी, माहेरचं नाव. आईने ग्रुपवर तिला अॅड केलंय. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, आणि त्या ग्रुपवर सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारते. आई कशी होती, कविता वाचायची का, कुणाशी भांडायची. उत्तरं येतात, कधी एकमेकींना खोडून काढणारी.

माझं लग्न मे महिन्यात आहे. कंपनीच्या एचआरचा फॉर्म आलाय, नाव बदलणार का, हो किंवा नाही. आईला विचारलं तर म्हणाली, 'तुझं तू बघ.' मग रात्री परत आली, 'पासपोर्ट, पॅन, आधार, पीएफ, सगळीकडे बदलावं लागेल ना? मग कशाला एवढा कुटाणा.' आईचा नकार असाच असतो, कुटाण्याच्या आडून. फॉर्म अजून भरलेला नाही.

या गड्ड्याला त्यांच्या बॅचचं पहिलं गेट-टुगेदर आहे. जागा ठरली, मेनू ठरला, हुग्गी पाहिजेच असं हुबळीच्या मावशींनी बजावलंय. नवऱ्यांना आणायचं का यावर ग्रुपवर पोल टाकला होता. 'नको' नऊ मतांनी जिंकलं. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, 'मग त्या दिवशी आम्ही जेवायचं काय?' आई म्हणाली, 'अहो, तुमचा ग्रुप आहे की. विचारा तिथे.'

चला, भेटू पुढच्या भागात.